रस्त्याकडेचा प्रत्येक वीरगळ म्हणजे मावळ्याची समाधी नव्हे

थोड्याफार फरकाने हा मजकूर तुमच्याही फोनवर आला असेल. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या देवळापुढे, रस्त्याच्या कडेला उभे असलेले कोरीव दगड म्हणजे शिवरायांच्या मावळ्यांच्या समाध्या. प्रत्येक दगडाखाली एक मावळा चिरनिद्रा घेतोय. वरचे चंद्र-सूर्य ही स्वराज्याची खूण, कोरलेला हात म्हणजे स्वराज्याची शपथ. तेव्हा दगड घासा, रंगवा, देवळात नेऊन ठेवा. भावना खरी आहे, माहिती मात्र जवळजवळ सगळीच चुकीची.

आधी काळ. महाराजांचा जन्म १६३०चा. वीरगळ, म्हणजे झुंजीत मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेला दगड, उभारण्याची प्रथा त्याच्या कित्येक शतकं आधीपासून रुळलेली होती आणि आपल्याकडचे बरेचसे वीरगळ शिलाहार-यादव राजघराण्यांच्या काळाच्या आगेमागे उभे राहिलेले आहेत. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर चक्क वल्ह्यांची लढाऊ जहाजं कोरलेली दिसतात. तेराव्या शतकात यादव महादेवाने शिलाहार सोमेश्वराचा पाडाव केला, त्या संघर्षाशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. मराठेशाहीतही स्मारकशिळा उभ्या राहिल्या, हे खरं. म्हणून तर प्रत्येक दगड वेगळा तपासावा लागतो: वीराचा पेहराव, हातातलं शस्त्र, कोरीवकामाची धाटणी आणि नशिबाने लेख असलाच तर त्याची लिपी. ‘आमच्या गावात महाराज येऊन गेले होते’ हा दगडाच्या काळाचा पुरावा होत नाही.

आता तो वीर कशासाठी मेला, हे. मजकूर लिहिणाऱ्याने वीरगळाचा सगळ्यात खालचा कप्पा पाहिलेलाच नसावा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाशी मरणाचा प्रसंग, मधे अप्सरा वीराला स्वर्गात नेताहेत आणि वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, अशी साधारण मांडणी. तळाच्या कप्प्यात कित्येकदा सैन्य नसतंच, असतात गाई. पळवून नेली जाणारी गुरं सोडवताना एखादा गावकरी मेला, त्याचा तो दगड. गुरं हीच संपत्ती असलेल्या काळात शेजारचा कळप हाकून नेणं हीच लढाईची सुरुवात असे. काही दगडांवर माणूस वाघाशी झुंजताना दिसतो. कर्नाटकातल्या आतकूरचा दहाव्या शतकातला शिलालेख तर एका कुत्र्याची आठवण सांगतो. काळी नावाचा हा शिकारी कुत्रा रानडुकराशी झुंजला, दोघेही मेले. त्याच्यासाठी दगड उभा राहिला, जमीनही दान दिली गेली! या सगळ्यांना एकाच राजाच्या फौजेत भरती केलं, की गावाचा स्वतःचा असा जो इतिहास दगडावर उरला होता, तोच पुसला जातो. कोणत्याही बखरीत नाव नसलेल्या गुराख्याचा हा एवढाच पुरावा आहे, आणि मला तो एखाद्या ताम्रपटाइतकाच मोलाचा वाटतो.

चंद्र-सूर्याचं उत्तर सोपं आहे. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर ही कीर्ती टिको, एवढाच त्याचा अर्थ. शिलाहार-यादवांच्या दानलेखांवरही ते कोरलेले असतात. गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला अत्यंत शिवराळ शाप देणारे दगड, त्यांच्यावरही. तेही बिचारे हल्ली वीरगळ म्हणून हार घालून घेतात. आणि कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात शपथेसाठी वर झालेला नाही. ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईचं स्मारक असते. त्या बांगड्या दिसत असूनही त्याला मावळ्याचा हात म्हणायचं, तर डोळे मिटूनच लिहायला हवं.

‘दगडाखाली मावळा’ हा भाग मात्र नुसता चुकीचा नाही, घातकही आहे. वीरगळ हे स्मारक. त्याच्याखाली कुणाला पुरलेलं असावंच असं नाही. शिवाय रस्ता रुंद करताना, शेत नांगरताना, देवळाचा जीर्णोद्धार करताना हे दगड सारखे हलत आले आहेत. ‘खाली काहीतरी आहे’ म्हटलं की रात्री कुदळ घेऊन येणारे असतातच. त्यांना धन सापडत नाही, दगड मात्र आडवा होतो.

राहिला रंगाचा मुद्दा. ऑइल पेंटने अक्षरांच्या खाचा बुजतात. झिजलेला लेख वाचण्याचा मुख्य आधार म्हणजे तिरपा प्रकाश आणि कागदावर घेतलेला ठसा. रंगाचे थर चढले की दोन्ही निकामी. तारेच्या ब्रशने घासणं त्याहून वाईट. आणि दगड देवळात हलवणार असाल, तर तो ओढ्याकाठी होता की शिवेवर, तोंड कुठल्या दिशेला होतं, हे आधी टिपून ठेवा, फोटो काढा, पुरातत्त्व विभागाला कळवा. झुंज कुठे झाली असेल, याचा अंदाज कधीकधी त्या जागेवरूनच येतो.

काही ठिकाणी ग्रामपंचायतीने ‘मावळ्यांच्या समाध्या’ असे फलकही लावलेत. फलक बदलायचाच असेल, तर त्यावर ‘वीरगळ. गाई सोडवताना मेलेल्या वीराचं स्मारक. काळ निश्चित नाही’ एवढं लिहिलं तरी पुरे. अर्थात, तळाच्या कप्प्यात खरोखर गाई असतील तरच.