निकोटिन गमवाल्या फॉरवर्डला उत्तर
म्हापशात माझी फार्मसी आहे. परवा शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत ओळखीचा एक पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, आला, हेल्मेट काउंटरवर ठेवलं आणि सिगारेट सोडण्यासाठीच्या निकोटिन च्युइंगमची अर्धी पट्टी माझ्यापुढे सरकवली. "नको बाब, ह्यापरीस सिगारेट बरी." मोबाइलवर फॉरवर्ड होता: गममध्येही निकोटिनच, त्याने कॅन्सर होतो, हार्ट अटॅक येतो, वर एक व्यसन सुटून दुसरं लागतं.

निकोटिन दोन्हीत असतं, एवढं खरं. पण सिगारेटचा कॅन्सर येतो धुरातून. जळत्या तंबाखूच्या धुरात ७,००० च्या वर रसायनं असतात, त्यांतली सुमारे ७० कॅन्सरकारक. शिवाय कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. गममध्ये जळतंय काय? जागतिक आरोग्य संघटनेने तर २००९ मध्ये निकोटिनचे गम आणि पॅच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. कॅन्सरची पुडी कोण त्या यादीत घालील?

हार्ट अटॅकचं म्हणाल तर निकोटिनने नाडी थोडी वाढते. पण सिगारेट ओढणारा तेच निकोटिन रोज घेतो, वर धूर फुकट. नुकताच अटॅक येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

व्यसनाचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. काहीजण गम महिनोन् महिने सोडत नाहीत. पण धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गममधलं सावकाश झिरपतं. तो झटका नाही, म्हणून चटकही कमी. साधारण १२ आठवड्यांत कमी करत बंद करायचा. कोणाला जास्त दिवस लागले तरी मी कुरकुर करत नाही.

हे सगळं ऐकून पायलट म्हणाला, "पण मला उचक्या लागतात, घसा जळता."

"चघळता कसा?"

"गिऱ्हाईक मागे बसवून, कचाकचा."

इथे घोळ होता. भराभर चावलं की निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं. मग उचक्या, मळमळ. हळू चावायचा, जिभेला चुरचुर लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. आधी १५ मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत खाणंपिणं बंद, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

त्याने पट्टी परत खिशात घातली. "म्हणजे आता चहाही नको?"

"आधी चहा घ्या, मग १५ मिनिटांनी गम."