'कोकणी माणसाला हा कॅन्सर होत नाही' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शिमग्यापासून गावोगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: 'कातडीचा कॅन्सर गोऱ्यांना होतो, आपल्या सावळ्या कातडीला नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं फुप्फुसं धुतली जातात, म्हणून विडी-सिगारेट न ओढणाऱ्या कोकणी माणसाला फुप्फुसाचा कॅन्सर होऊच शकत नाही. गाठीला सुई लावली की रोग पसरतो. काजूचं तेल लावा, गाठ गळून पडेल.' खाली हात जोडल्याची चित्रं आणि 'प्रत्येक चाकरमान्यापर्यंत पोचवा'. लोकांनी पोचवलाही.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच बाकीचं खपून जातं. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य सूर्याचे अतिनील किरण बऱ्यापैकी अडवतं. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांत कातडीचा कॅन्सर जितका दिसतो, त्याच्या पासंगालाही आपल्याकडे दिसत नाही. पण कातडीचे सगळेच कॅन्सर उन्हानं होत नाहीत. त्यातला घातक प्रकार म्हणजे मेलानोमा. तो सावळ्या माणसाला झालाच तर बरेचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली होतो, जिथं ऊन फारसं पोचतच नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो झाला होता. आधी ती फुटबॉलमधली दुखापत वाटली. १९७७ साली निदान झालं आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, तो गेला.

आता आपल्याकडचे तळपाय बघा. चिखलणीत अनवाणी, खळ्यात अनवाणी, मासळी सुकवताना अनवाणी. तळव्याला काळा डाग दिसला की घरात निदान तयार असतं: काटा मोडलाय, कुरूप आहे, ठेच लागून रक्त साकळलंय. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं, उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. नखाखाली साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं आणि काही महिन्यांत निघून जातं. बऱ्याच नखांवर फिकट काळ्या रेघा असणं हेही सावळ्या माणसांत नेहमीचंच. पण एकाच नखावर नवी रेघ उठली, ती रुंद होत चालली, काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, किंवा तळव्यावरचा डाग वेडावाकडा पसरतोय, त्यातून रक्त येतंय, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचं. पावसाळा संपायची वाट बघायची नाही.

भाजल्याचा जुना व्रण वर्षानुवर्षांनी पुन्हा चिघळला आणि भरेना, तर तिथंही कॅन्सर असू शकतो. नाका-डोळ्यांजवळची हळूहळू वाढणारी चकचकीत गाठ आपल्या लोकांत बरेचदा काळपट असते, म्हणून तीळ समजून सोडून दिली जाते. आणि ज्यांच्या अंगात जन्मतःच रंगद्रव्य नाही, त्यांना तर मेसेजमधलं सावळ्या कातडीचं संरक्षण मुळीच नाही. कोकणातलं ऊन त्यांच्यासाठी खरोखरच धोक्याचं.

काजूचं तेल! काजूच्या टरफलातलं तेल कातडी कशी जाळतं, ते बिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना विचारा. चामखिळीला लोक ते लावतात. मेलानोमाला लावलं तर वरचा काळा भाग जळेल, खालचा वाढत राहील. शिवाय डाग मुळात किती खोल होता ते नंतर नीट कळणार नाही, आणि मेलानोमाचा सगळा हिशेब खोलीवर चालतो. १ मिलिमीटरच्या आत असेल तर बहुधा कापून काढण्यावर भागतं.

खारा वारा दर्यावर असतो, पडवीमागच्या चुलीपाशी नाही. तंबाखू हे फुप्फुसाच्या कॅन्सरचं सगळ्यांत मोठं कारण, यात वाद नाही. विडी तर पुन्हापुन्हा आणि जोरानं ओढावी लागते, नाहीतर विझते. पण आपल्या देशातल्या या रुग्णांत आयुष्यात विडी-सिगारेट न ओढलेल्यांचा वाटा मोठा आहे. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, डिझेलचा धूर, प्रदूषित हवा, सिलिकाची धूळ आणि ॲस्बेस्टॉस यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कॅन्सरकारक ठरवलंय. चुलीतल्या लाकडाच्या धुराला 'बहुधा कॅन्सरकारक' म्हटलंय. सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याकडच्या सिलिका वाळूच्या खाणींत राबणाऱ्याला कुठला खारा वारा वाचवणार? ॲस्बेस्टॉस घातलेले सिमेंटचे जुने पत्रे नुसते छपरावर असल्यानं फार बिघडत नाही, ते कापताना-फोडताना उडणारी धूळ वाईट. काहींच्या बाबतीत तर काहीच कारण सापडत नाही. (मशेरी ओढत नाहीत, लावतात, म्हणून ती तंबाखू नव्हेच असं मानणाऱ्या काकवा घरोघरी आहेत. तिचा धोका मुख्यतः तोंडाला.)

या मेसेजचा खरा फटका इथंच बसतो. न ओढणाऱ्या बाईचा खोकला तीन आठवडे टिकला, वजन उतरलं, एक्स-रेत डाग दिसला, तरी कॅन्सर कुणाच्या डोक्यात येत नाही. टीबी म्हणून औषधं सुरू होतात. आपल्याकडे टीबी आहेच, तो शंकेत यायलाच हवा. पण बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी सरकारी यंत्रणेत फुकट होते. ती करून घ्या. बेडक्यात जंतू नाहीत आणि औषधांनी उतारही नाही, तर छातीचा सीटी स्कॅन कधी करायचा, हे डॉक्टरांना सरळ विचारा. साध्या एक्स-रेत हृदयामागची लहान गाठ लपू शकते. बेडक्यातून रक्त किंवा बसून राहिलेला आवाज यांसाठी तर थांबूच नये.

गाठीला तपासणीची सुई लावल्यानं कॅन्सरच्या पेशी पसरणं अगदी क्वचित घडतं. फुप्फुसाच्या सुईतला खरा धोका छातीत हवा शिरण्याचा, त्यासाठी नंतर काही तास नजर ठेवतात. गाठीचा तुकडा तपासायला न घेता मात्र औषध ठरवता येत नाही. फुप्फुसाच्या अडिनोकार्सिनोमा या प्रकारात आपल्याकडे तिघा-चौघांत एकाच्या गाठीत ईजीएफआर हा जनुकबदल सापडतो, न ओढणाऱ्यांत जास्तच. अशांना जेफिटिनिब, ओसिमर्टिनिब अशा गोळ्या देता येतात. पसरलेला रोग त्या मुळापासून घालवत नाहीत, पण बऱ्याच जणांना त्यांवर बराच काळ चांगला जातो. तपासणीच टाळली तर ही गोळी कुणाला लागू पडेल ते कळायचं कसं?

उपचारांसाठी थेट मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयातच धावायला हवं असं नाही. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सरवर उपचार होतात, आणि टाटा मेमोरियलचंच केंद्र खारघरला आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन बसतात, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. तुकडा आधी दुसरीकडे काढला असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. त्या लॅबमधून काचपट्ट्या आणि तो तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या, नवा डॉक्टर तेच आधी मागतो.