बिग फोरमध्ये लॉच्या पोट्ट्यांना घेत नाही म्हणे!

उन्हाळा लागला की लॉच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो, आणि यंदा तो आमच्या हिंगणघाटच्या वकिलांच्या ग्रुपवरही आला. मेसेज थोडक्यात असा की बिग फोर, म्हणजे डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या चार मोठ्या फर्मा, ही सगळी सीएची ऑफिसं, तिथं लॉवाल्याला इंटर्नशिपसाठी कोणी विचारत नाही, घेतलंच तर एनएलयूच्या, म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या पोरांना घेतात, ती इंटर्नशिप बार कौन्सिल धरत नाही, वकिलीच्या सनदेला अडचण येते, खर्च पण डोक्याच्या वर, म्हणून गावाकडच्या पोरांनी नाद सोडावा. आणि मजा म्हणजे त्याच मेसेजच्या खाली ‘खात्रीशीर इंटर्नशिप’ म्हणून एक फोन नंबर, रजिस्ट्रेशन फी वेगळी. अरे बाप्पा, घेतच नाही म्हणता तर खात्री कशाची विकता? या फर्मा इंटर्नशिपसाठी पोरांकडून पैसे घेत नाहीत, फी मागणारा कोणीही असो, फोन ठेवून द्या.

आता एकेक बघू. सीएची ऑफिसं हे अर्धं खरं आहे, म्हणूनच पोट्टे फसतात. ऑडिटवर सही सीएच करतो, आणि ती पण वेगळ्या फर्मच्या नावानं, ईवायच्या नेटवर्कमध्ये एस. आर. बाटलीबोई, केपीएमजीच्या नेटवर्कमध्ये बी एस आर. पण ऑडिट सोडून इन्कम टॅक्स, जीएसटी, कस्टम्स, ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच ग्रुपच्या कंपन्यांमधल्या देशाबाहेरच्या व्यवहारांचे भाव), फेमा (परकीय चलनाचा कायदा) असा मोठा पसारा आहे, आणि कलमाचा अर्थ काय, दुरुस्ती कोणत्या वर्षापासून लागली, ट्रिब्युनलनं, म्हणजे टॅक्सची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणानं, आधी काय म्हटलं, हे काम आकडेमोडीचं आहे का सांगा बरं. २०२० पासून इन्कम टॅक्सचं असेसमेंट, म्हणजे रिटर्नची तपासणी, फेसलेस झालं, साहेबासमोर जाऊन ‘जरा समजून घ्या’ म्हणायची सोय गेली, जे काय म्हणायचं ते लिहून अपलोड करायचं, मग लिहिता येणारा माणूस लागतोच ना. ट्रिब्युनलपर्यंत सीए उभा राहतो, पण पुढं हायकोर्टात अपील गेलं की वकीलच लागतो, आणि तिथं कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील दाखल होते, म्हणजे तो प्रश्न खालूनच नीट मांडत आणावा लागतो.

दूर कशाला जाता, आपल्या कापसाचंच घ्या. मी जिनिंगवाल्यांचं जीएसटीचं काम करतो म्हणून हे रोज डोळ्यासमोर आहे. नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला की त्यावरचा ५ टक्के जीएसटी शेतकरी नाही, रजिस्टर्ड खरेदीदार भरतो, रिव्हर्स चार्जमध्ये, आधी रोखीत भरायचा आणि मग क्रेडिट घ्यायचं. इथवर सोपं आहे. पण मध्ये आडत्या आला तर? विकणारा शेतकरी की आडत्या? २०१८ च्या एका सर्क्युलरनं सांगितलं की माल पुढं देताना आडत्या स्वतःच्या नावानं बिल फाडतो का, हे बघा, तसं असेल तर तो जीएसटी कायद्यातला एजंट. म्हणजे एका बिलावर नाव कोणाचं यावरून अख्खा टॅक्स इकडचा तिकडं होतो, आणि नोटीस आली की कलम, नोटिफिकेशन, सर्क्युलर तिन्ही समोर ठेवून उत्तर लिहावं लागते. मोठ्या फर्मात हेच चालते, फक्त पार्टी जिनिंगच्या जागी परदेशी कंपनी असते. ज्यानं मार्केट यार्डात आडत्याची चिठ्ठी पाहिली आहे त्या पोट्ट्याला हे समजायला मुंबईच्या पोरापेक्षा जड जाईल असं मला तरी वाटत नाही.

एनएलयूवाल्यांचं म्हणाल तर त्यांना फायदा मिळतो, नाही कोण म्हणते. तिथं पोरांचीच कमिटी असते, ती फर्मांशी बोलते, सीव्ही गोळा करून पाठवते, आणि आपल्याकडं प्लेसमेंट सेल म्हणजे बहुतेक ठिकाणी नोटीस बोर्डच. ओळख पण चालते, खोटं काहून बोलू. पण फर्मच्या करिअर पेजवर अर्ज कोणालाही टाकता येतो, टॅक्स टीमच्या मॅनेजरला लिंक्डइनवरून लिहिता येते, आणि हे न करताच ‘घेत नाही’ म्हणणारे मला जास्त भेटतात.

बार कौन्सिल धरत नाही हे तर साफ चूक. २००८ चे लीगल एज्युकेशनचे नियम काढून वाचा राजेहो. तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २० आठवडे इंटर्नशिप लागते, आणि कुठं करायची त्या यादीत वकील, न्यायालय, एनजीओ यांच्यासोबत लॉ फर्म, कंपन्या, मार्केट इन्स्टिट्यूशन्स पण आहेत. मेसेजवाल्यानं खरी अडचण सांगितलीच नाही, ती ही की कोणत्याही वर्षी सलग चार आठवड्यांच्या वर इंटर्नशिप करता येत नाही, आणि काही टीम सहा-आठ आठवडे मागतात, तेव्हा आधी कॉलेजला विचारून लेखी घ्या. शिवाय अख्ख्या कोर्समध्ये एकदा तरी ट्रायल आणि अपील चालवणाऱ्या वकिलाकडं बसणं आहेच, ते यानं सुटत नाही.

सनदेचं ऐकून तर हसू येते. विद्यार्थ्याजवळ सनद असतेच कुठं! बार कौन्सिलचा नियम ४९ आहे तो पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्या वकिलासाठी, नोकरी धरली की प्रॅक्टिस थांबवावी लागते, पुढं सोडली की परत सुरू करता येते. इंटर्नशिपचा त्याच्याशी संबंध नाही. हां, ज्यांना जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाची परीक्षा द्यायची आहे त्यांनी एक ध्यानात ठेवा, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली, ती प्रोव्हिजनल नोंदणीपासून मोजतात, आणि डिग्रीनंतर फर्ममध्ये नोकरी केली तर तो काळ प्रॅक्टिस म्हणून धरतील या भरवशावर राहू नका. हा हिशोब नोकरीचा आहे, चार आठवड्यांचा नाही.

खर्चाचं मात्र त्याचं बरोबर आहे. मुंबईत महिनाभर राहायचं म्हणजे घरचा कापूस विकून आलेला पैसा जातो, आणि स्टायपेंड मिळेलच असं नाही. त्यासाठी कर्ज काढू नका, हे मी स्पष्ट सांगतो. नागपूरला इन्कम टॅक्स ट्रिब्युनलचं खंडपीठ आहे, हायकोर्टाचं आहे, टॅक्सचं काम करणारे वकील आणि सीए फर्मा आहेत, वर्धा-हिंगणघाटचा पोरगा रोज जाऊन येऊ शकतो, पहिला उन्हाळा तिथं काढला तर पुढच्या अर्जात लिहायला काहीतरी राहते.

आणि उन्हाळाच काहून पाहिजे? आपल्या युनिव्हर्सिट्यांची उन्हाळी परीक्षा लांबत जाते, पेपर आणि इंटर्नशिप एकमेकांवर येतात. टॅक्सवाल्यांचं कॅलेंडर कोर्टाच्या सुट्टीवर चालत नाही, टॅक्स ऑडिट रिपोर्ट ३० सप्टेंबर, ट्रान्सफर प्रायसिंगचा रिपोर्ट ३१ ऑक्टोबर, ट्रान्सफर प्रायसिंगवाल्यांची रिटर्न ३० नोव्हेंबर, हात कमी पडतात ते तेव्हा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीसाठी जूनमध्येच अर्ज टाका, सोबत ट्रिब्युनलच्या एखाद्या ताज्या निकालावर स्वतः लिहिलेली दोन पानं जोडा, निकाल ट्रिब्युनलच्या साइटवर फुकट मिळतात. इंग्रजी साधी असली तरी चालते, पण कलम नंबर चुकवू नका, तिथं पहिल्यांदा तेच तपासतात.