गंजावर आम्ल, भोकात फोम: एका फिरत्या संदेशाचा समाचार

‘गाडीच्या पत्र्यावरील गंज एका रविवारात घरच्या घरी कायमचा घालवा, गॅरेजवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या फिरतो आहे. त्यात पाच उपाय सांगितले आहेत: गंजावर कोला ओतून ॲल्युमिनियमच्या फॉइलने घासणे, तेवढ्याने न निघणाऱ्या गंजावर संडास धुण्याचे आम्ल ओतून दहा मिनिटे ठेवणे, रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचे रसायन) लावून, काहीही न घासता, थेट त्यावर रंग मारणे, पत्र्याला भोक पडले असल्यास त्यात फोम फवारून वरून पुट्टी भरणे, आणि गाडीच्या तळाला जळके इंजिन ऑइल फासणे. एरवी असे संदेश मी न वाचताच पुढे जातो. या वेळी ते जमले नाही, कारण भाऊजींचा दुसरा उपाय करून झाला होता आणि ताईने दाराचा फोटो पाठवून विचारले होते, “खालच्या पट्टीलाही भोक आहे. चौथा उपाय आजच उरकून घेऊ का?”

कोलाचा मुद्दा लवकर संपवतो. कोलामध्ये फॉस्फरिक आम्ल असते आणि ते गंजावर थोडेसे काम करते, हे खरे आहे. क्रोमच्या पट्टीवर आलेले तांबूस ठिपके ओल्या फॉइलने निघतात, हेही खरे आहे. पण कोलातील आम्ल अत्यल्प असते, सोबत भरपूर साखर असते, आणि पत्र्याच्या सांध्यात गेलेले ते चिकट पाणी बाहेर काढणे हे नवे काम होऊन बसते. रंगवलेल्या पत्र्यावर फॉइल घासल्यास गंजाभोवतीच्या चांगल्या रंगावरही ओरखडे उठतात.

आम्लाचा उपाय मात्र नुसता निरुपयोगी नाही, तो गंज वाढवणारा आहे. संडास धुण्याचे आम्ल म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल. ते गंज विरघळवते यात शंका नाही, आणि म्हणूनच दहा मिनिटांनी पत्रा पांढरा स्वच्छ दिसतो व माणूस खूश होतो. परंतु अनेक गाड्यांच्या पत्र्यावर गंज रोखण्यासाठी जस्ताचा थर दिलेला असतो आणि आम्ल लोखंडाच्या आधी त्या जस्ताचा फडशा पाडते. शिवाय दाराचा बाहेरचा पत्रा खालच्या कडेला आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. त्या घडीत शिरलेले आम्ल कितीही पाणी मारले तरी पूर्ण निघत नाही, आणि मागे राहिलेले क्लोराइड ओलावा धरून ठेवून आतल्या आत गंज चालू ठेवते. भाऊजींच्या दारावर दुसऱ्या दिवशी सकाळी नारिंगी पापुद्रा आला होता. उघड्या, सक्रिय झालेल्या लोखंडावर काही तासांत असा ताजा गंज चढतोच. भाऊजींनी मात्र आम्ल कमी पडले असा निष्कर्ष काढून पुन्हा ओतले. या आम्लाची वाफ फुप्फुसांना घातक असते, आणि त्याच बादलीत ब्लीच पडले तर क्लोरीन वायू तयार होतो, एवढी सूचनासुद्धा त्या संदेशात नाही.

तिसऱ्या उपायात असे म्हटले आहे की कन्व्हर्टर ‘गंजाचे पुन्हा पोलाद करतो, म्हणून घासण्याची गरज नाही’. गंजातून ऑक्सिजन काढून पुन्हा लोखंड मिळवायला झोतभट्टी लागते. लोखंडाच्या खनिजाचे तिथे तेच होते, आणि ते एका बाटलीने व ब्रशने झाले असते तर पोलादाचे कारखाने कोणी बांधलेच नसते. कन्व्हर्टरमध्ये साधारणपणे टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल असते, ते गंजाच्या वरच्या थराचे काळसर टॅनेट किंवा फॉस्फेट बनवते आणि हे संयुग गंजापेक्षा स्थिर असते. एवढे अर्धसत्य मी मान्य करतो. पत्र्यावर गंजाने पाडलेल्या बारीक खड्ड्यांत, जिथे तारेचा ब्रशही पोहोचत नाही, तिथे मी स्वतः कन्व्हर्टर वापरतो. पण जाड पापुद्र्याच्या गंजात तो वरवरच मुरतो आणि खालचा सैल थर कोरडाच राहतो. अशा थरावर मारलेला रंग पत्र्याला चिकटलेलाच नसतो, तो गंजाला चिकटलेला असतो. आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापत असल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात तोच रंग फोडासारखा वर उचलला जातो.

न घासता रंग मारण्याबद्दल माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. रंगकामापूर्वी पोलादाचा पृष्ठभाग कितपत स्वच्छ असावा हे ठरवणारे आयएसओ ८५०१-१ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. हाताने किंवा यंत्राने घासण्याच्या त्यात दोनच प्रती, म्हणजे स्वच्छतेच्या पायऱ्या, दिल्या आहेत, एसटी २ आणि एसटी ३. पहिलीत नीट न चिकटलेला गंज, जुना रंग, तेल व धूळ निघालेली हवी. दुसरीत त्याहून पुष्कळ कसून घासून धातूची चमक दिसायला हवी. एसटी १ ही प्रत मानकात घेतलेलीच नाही, आणि त्याचे कारणही तिथेच दिले आहे: तेवढाच घासलेला पृष्ठभाग रंग देण्यास अयोग्य ठरेल. हे मानक खास मोटारींसाठी लिहिलेले नाही, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो बरोबर आहे. पण वरवर घासलेले पोलादसुद्धा जिथे रंगाला अपात्र ठरते, तिथे मुळीच न घासलेला, त्याहून कितीतरी पातळ असलेला दाराचा पत्रा कोणत्या तर्काने पात्र ठरतो, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

आता फोम. ताईचा प्रश्न याच उपायाबद्दल होता, आणि पाचांतला सर्वांत घातक सल्ला हाच आहे. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चौकट नसते. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून झालेला सांगाडा हीच गाडीची ताकद असते. दारांच्या खालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पट्टी ही अशीच एक पेटी आहे. गाडीला बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाच्या आणि धडकेच्या मध्ये जे थोडे पोलाद असते त्यात ती येते, आणि अनेक गाड्यांत जॅकही तिच्याच कडेला लागतो. या पेटीला बाहेरून भोक दिसते तेव्हा गंज बहुधा आतून बाहेर आलेला असतो, त्यामुळे बाहेर बोटभर दिसणारे भोक आत वीतभर पसरलेले असू शकते. तिथे फोम भरला की पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली खालची छिद्रे बुजतात आणि ओल धरणारा बोळा कायमचा आत बसतो. वरची पॉलिएस्टर पुट्टी स्वतःच थोडे पाणी शोषते, तिच्यात पोलादाचे बळ नसते, आणि खालचा गंजका पत्रा सरकला की तिला तडा जातो. पुढे कधी शहाणपण सुचून कोणी तिथे वेल्डिंग करायला घेतलेच, तर आतला फोम पेट घेतो व विषारी धूर सोडतो. म्हणजे खरी दुरुस्ती करण्याची वाटही हा उपाय अवघड करून ठेवतो. अशा ठिकाणी सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करणे एवढाच मार्ग आहे, आणि वेल्डिंगचा सराव नसलेल्याने तो घरी करून पाहण्याचा नाही.

जळक्या ऑइलबद्दल एवढेच की तेलाचा थर पाणी आणि हवा काही काळ दूर ठेवतो, हे नाकारता येत नाही. पण वापरलेले ऑइल त्वचेला अपायकारक असते, चाकांच्या जोडांतले रबराचे बुश फुगवते, आणि ब्रेकवर किंवा तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकले तर काय होईल ते सांगायला नको. पोकळ भागांत फवारण्याचे खास मेण मिळते, ते वापरावे.

घरी काहीच करता येत नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. खडा लागून रंग उडालेल्या जागी आलेला, पत्रा शाबूत असलेला गंज घरी उत्तम निघतो. जागा धुऊन व तेलकटपणा पुसून घ्यावी, फोडाच्या कडेपलीकडे घट्ट चिकटलेला रंग लागेपर्यंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे, धातू चमकू लागला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्यावा, आणि पुट्टी लागणारच असेल तर ती या प्रायमरवर लावावी. पुट्टीवर रंग चढलेला नसताना ती पाणी लावून घासू नये. हार्डनर मिसळायचा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मात्र घरी फवारू नये. त्यातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि धुळीचा साधा मास्क ते अडवत नाही.

तेव्हा ताई, फोमचा डबा परत करा. पट्टी खालच्या बाजूने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जागोजागी टोचून बघा, आणि जुनी पुट्टी असल्याची शंका आली तर तिथे लोहचुंबक धरा. जिथे टोक आत जाईल किंवा चुंबक चिकटणार नाही, तिथे खडूने खूण करा. सगळ्या खुणा होईपर्यंत त्या कडेला जॅक लावू नका, आणि भाऊजींना सांगा की दाराची घडी आता उघडूनच साफ करावी लागेल.