ढकललं की लवकर पोहोचतं?

विसरणाबद्दल, म्हणजे कण आपोआप भटकत पसरतात त्याबद्दल, एक दावा विज्ञानाच्या ग्रुपांवर वरचेवर फिरतो: ‘यादृच्छिक भटकणारा कण चौपट वेळात दुप्पट अंतर जातो. अडथळे असले तर गती मंदावते, नियम तोच राहतो. आणि घाई असेल तर जोर लावा.’ पहिलं वाक्य स्वच्छ पाण्यापुरतं बरोबर. 1905 मध्ये आइन्स्टाइनने तेच मांडलं. पुढच्या दोन वाक्यांशी माझं भांडण आहे.

‘नियम तोच राहतो.’ चौकटींच्या मोठ्या जाळीतली घरं चिठ्ठ्या टाकून बंद करत जा. उघडी घरं सुमारे 59.3 टक्क्यांवर आली की आरपार वाट तुटायच्या बेतात येते. त्याच्या बऱ्याच वर असेपर्यंत दावा चालतो, हे मान्य. पण नेमक्या त्या उंबरठ्यावर, उघड्या घरांच्या आरपार जाणाऱ्या तुकड्यात फिरणाऱ्या कणाला दुप्पट अंतरासाठी चौपट नव्हे, सातपटीहून जास्त वेळ लागतो. उंबरठ्याखाली तर तो आपल्या बेटावरच अडकतो, वेळ कितीही द्या.

एका रेषेवर दर ठिकाणचा डावा-उजवा कल चिठ्ठीने ठरवला, एकंदर झुकाव कुठेच नसला, तर आणखी वाईट. गणितज्ञ याकोव्ह सिनाय यांनी 1982 मध्ये दाखवलं की तिथे अंतर वेळेच्या लॉगरिदमच्या (ढोबळपणे, आकड्यात किती अंक आहेत त्याच्या) वर्गाने वाढतं. म्हणजे 10 लाख पावलांत गाठलेलं अंतर दुप्पट करायला ढोबळमानाने 30 कोटी पावलं!

‘जोर लावा.’ इथे दावा पुरता तोंडघशी पडतो, आणि तो पाडणारं काम मुंबईतलं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मुस्तनसिर बर्मा आणि दीपक धर यांनी 1983 मध्ये अशाच तुटक्या जाळीत एका दिशेने ढकलला जाणारा कण तपासला. मुख्य वाटेला जोराच्या दिशेने बंद बोळ फुटलेले असतात. कण आत शिरला की बाहेर पडायला त्याला जोराच्या उलट यावं लागतं. पुढे जाण्याची शक्यता मागे येण्याच्या दुप्पट धरली, तर 20 पावलं खोल बोळातून सुटायला 10 पावलं खोल बोळाच्या सुमारे हजारपट वेळ जातो. जोर वाढवला की ही पट आणखी फुगते.

‘पण इतके खोल बोळ असतात किती?’ थोडेच. खोली वाढते तशी त्यांची संख्या झपाट्याने घटते, पण जोर एका मर्यादेपलीकडे गेला की अडकण्याचा वेळ त्याहून झपाट्याने वाढतो. त्यामुळे सरासरी वेग आधी वाढतो, मग घसरतो, आणि त्या मर्यादेपलीकडे चक्क शून्य होतो.