‘बायपास केली की किडनी जाते’? नाही भो!

काकांच्या बायपासला चार दिवस होते आणि भावकीच्या ग्रुपवर मेसेज पडला: ‘बायपासमध्ये किडनी निकामी होते. जीन्समध्ये दोष असेल तर हमखास. आधी जीन टेस्ट करा, दोष निघाला तर ऑपरेशन टाळा, आमचा काढा घ्या.’ खाली मोबाइल नंबर. काकूंना त्या रात्री जेवण गेलं नाही. काका आता रावेरला घरी आलेत, पण मेसेज अजून फिरतोच आहे.

‘किडनी निकामी होते.’ हृदयाच्या ऑपरेशननंतर शंभरातल्या साधारण २० ते ३० जणांच्या किडनीला कमी-जास्त इजा होते, हे खरं. पण क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, ४८ तासांत ०.३ने वाढलं तरी ती इजाच मोजतात. डायलिसिसची पाळी येते ती शंभरात पाचांच्याही आत. काकांचं १.१चं दुसऱ्या दिवशी १.६ झालं, सहाव्या दिवशी १.२वर आलं. मधल्या काळात सिस्टर तासातासाला लघवीच्या पिशवीवरचा आकडा लिहायच्या. साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीसुद्धा होईना आणि असे सहा तास गेले, की तीही इजाच. एकदा मार बसलेल्या किडनीला पुढे जपावं लागतं, म्हणून तीन महिन्यांनी परत तपासणी.

‘दोष असेल तर हमखास.’ सारखंच वय, सारखीच शुगर, ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवर सारखाच वेळ, तरी एकाची किडनी बिघडते आणि दुसऱ्याची नाही. यात जीन्सचा हात असावा म्हणून संशोधक बरीच वर्षं शोधतायत. एपीओई नावाच्या जीनचा ‘ई-४’ प्रकार अल्झायमरच्या बाबतीत बदनाम. तोच एका अभ्यासात किडनीला राखणारा दिसला, दुसऱ्यात नेमकं उलट! यातून हमखास काय सांगणार?

‘जीन टेस्ट करा.’ या कामासाठी दवाखान्यात नेहमी करतात अशी जीन टेस्टच नाही. घराण्यात पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे किडनीत पाण्याचे फोड होण्याचा आजार, असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. तो आजार खरोखर आनुवंशिक आहे, सोनोग्राफीत दिसतो. बाकी धोका ठरतो वय, मधुमेह, आधीची अधू किडनी, अंगात कमी रक्त, मशीनवर गेलेला वेळ आणि पडलेलं बीपी यांवर.

आणि खिशावर! काकांच्या सदऱ्याच्या खिशात डायक्लोफेनॅक या दुखणं थांबवणाऱ्या गोळीची पट्टी निघाली. केळीच्या बागेत उभं राहून गुडघे धरतात, म्हणून रोज एक. असल्या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यात आपल्याकडचा मे महिना, घामाने अंगातलं पाणी आटलेलं. डॉक्टरांनी सगळ्यात आधी ती पट्टी बंद केली.

‘काढा घ्या.’ त्यात काय घातलंय, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. काही वनस्पतींमधल्या अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिडनेच किडनी कायमची जाते. काकूंनी त्या नंबरवर फोन लावून घटक विचारले, तर समोरचा म्हणाला, ‘आधी पैसे पाठवा, मग सांगतो.’