अप्पांचा नंबर एक्केचाळीस

अप्पांचं सेकंड अपील, म्हणजे खालच्या दोन कोर्टांनंतरचं, मुंबई हायकोर्टात. वाटणीचा दावा, गारगोटीजवळची दीड एकर. आदल्या दुपारी एस.टी.नं कोल्हापूर, रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटीवर तोंड धुवून थेट कोर्ट. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीत, आमचा नंबर एक्केचाळीस. कोर्ट उठलं तेव्हा सत्तावीस चालू होता. वकील म्हणाले, "काका, आज पोचलं नाही." अप्पा म्हणाले, "आम्ही तर पोचलो की ओ."

सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी 2016 साली, अनिता कुशवाह खटल्यात, अप्पांचंच म्हणणं कायद्याच्या भाषेत सांगितलंय. न्यायालयापर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम 14 आणि 21 खालचा मूलभूत हक्क आहे. त्यात निकाल लवकर लागणं येतं, खर्च परवडणं येतं, आणि कोर्ट फार लांब नसणंही येतं. हे अंतराचं कुणी फारसं बोलत नाही. खटला रेंगाळला की आपण तारखा मोजतो, माणसानं रेल्वेत काढलेल्या रात्री नाही.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसलं, म्हणजे हायकोर्टाचेच न्यायमूर्ती इथं येऊन खटले ऐकतात. सहा जिल्ह्यांसाठी. वकिलांनी त्यासाठी चाळीसहून जास्त वर्षं आंदोलनं केली. गंमत म्हणजे कायदा नवा लागलाच नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यातलं कलम 51(3): राज्यपालांच्या मान्यतेनं मुख्य न्यायमूर्ती दुसऱ्या ठिकाणी कोर्ट बसवू शकतात. याच कलमावर औरंगाबादला 1981 मध्ये बसलं, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ते वैध ठरवलं. म्हणजे वाट तेव्हाच मोकळी होती. मग आमच्या दोन पिढ्यांनी महालक्ष्मीचं रिझर्व्हेशन कशापायी केलं?

"आता व्हिडिओवर सुनावणी होते, बेंच कशाला?" असं विचारणारे बहुतेक मुंबई-पुण्याचेच असतात. अप्पांना वकिलाच्या तोंडाकडे बघायचं असतं. कागद पुढ्यात ठेवून बोलायचं असतं. बेंच झाल्यानं इथल्या वकिलांचं भलं झालं, हेही खरं. होऊ दे की!

पण बेंच आलं म्हणून न्यायमूर्ती वाढले, असं नाही. मुंबई हायकोर्टाची मंजूर पदं 94, आणि त्यातलीही सगळी भरलेली नसतात. त्याच मनुष्यबळातून चार जण इकडे बसवायचे, तर बोर्ड संपणार कसा? यावर आंदोलन करायला मात्र कुणी मांडव घालत नाही.

गेल्या तारखेला अप्पा कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडला, बेंचच्या दारात उतरले, डबा घेऊन. त्याही दिवशी नंबर आला नाही. पण संध्याकाळी म्हशीच्या धारेला ते घरी होते.